मालिशला झोपले की गुदगुल्या होतात, अंग सैलच सोडता येत नाही

शिलाईकाकू

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसू येईल, येऊ दे. मलाही येतं, तीच तर पंचाईत आहे.

मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते. वय 48, मशीनवर बसून 26 वर्षं झाली. लग्नसराईत दिवसाला सहा-सात ब्लाऊज हातावेगळे करते, त्यातले निम्मे अस्तराचे. उजव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खळग्यात दुखतं, आणि तिथून ते वर खवाट्यापर्यंत चढतं. दिवाळीनंतर तर कटिंगला वाकले की सरळ व्हायला टेबल धरावं लागायला लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडात काही नाही म्हणाले. स्नायू आखडलेत, फिजिओथेरपी घ्या.

घेतली. म्हणजे घ्यायला गेले. पालथी झोपले. त्या पोरीने (माझ्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड) कुशीला अंगठा लावला मात्र, मी अशी उसळले की माझं कोपर तिच्या चष्म्याला लागलं. चष्मा वाचला. दुसऱ्या वेळी ठरवूनच गेले, आज हसायचं नाही. दात आवळले, उशी मुठीत धरली, श्वास रोखला. ती म्हणाली, "काकू, सैल सोडा." मी म्हटलं, "सोडलंय की." ती म्हणाली, "काकू, पाठ पाटासारखी झालीय." तिसऱ्या वेळी पडद्यापलीकडचे आजोबा माझं हसणं ऐकून स्वतःच हसायला लागले. चौथ्या वेळी मी गेलेच नाही. सहा वेळांचे पैसे आधी भरलेत, ते जाऊ दे.

घरी ह्यांना तेल लावायला सांगितलं. ह्यांचा हात तर आणखी वाईट. घाबरत घाबरत बोटांच्या टोकांनी लावतात, अंगावर झुरळ फिरल्यासारखं वाटतं. मीच लावलं तर काही होत नाही, पण तिथे माझा हात नीट पुरत नाही, आणि पुरला तरी जोर लागत नाही.

गंमत म्हणजे पाठीच्या मधोमध मला काहीच होत नाही. डाव्या कुशीला थोडंफार. उजवी कुशी, काखा आणि तळवे यांचं नावच काढू नका. जिथे दुखतं नेमक्या तिथेच गुदगुल्या जास्त. दाबलं की आधी हसू, पाठोपाठ कळ. डोळ्यांतून पाणी येतं ते कशाचं, हे मलाही सांगता यायचं नाही.

हे कमी होतं का? की काही माणसांच्या नशिबात मालिश नसतेच? ज्यांना असं होतं त्यांनी सांगा, आणि ज्यांचे हात रोज दुसऱ्याच्या अंगाला लागतात त्यांनी तर सांगाच.

उडीदवडा

काकू, पडद्यामागच्या आजोबांकडून निम्मे पैसे घ्या. हास्यक्लबात सकाळी साडेपाचला उठून जावं लागतं, त्यांचं दुपारी झोपून काम झालं.

लाल_माती

ताई, मी कोल्हापूरचा. शाळेत असताना सहा वर्षं तालमीत होतो, आता पोट सुटलंय ते सोडा. तालमीत मालिश म्हणजे चैन न्हवं, मेहनतीतलाच एक भाग. जोर-बैठका, लढती झाल्या की जोडीजोडीनं एकमेकाला रगडायचं. नवं पोरगं आलं की त्याला हमखास गुदगुल्या. मीबी तसलाच. पोटरीला हात लागला की लाथच बसायची समोरच्याला.

वस्ताद मला काय बोलले न्हाईत. जो मला रगडत होता त्याला बोलले. म्हणाले, बोटं नाचवू नकोस, हात भरून धर. म्हणजे तळवा पुरा टेकवायचा, अंगठा एकीकडं आणि चार बोटं एकीकडं, मांस मुठीत भरून घ्यायचं आणि खालनं वर जायचं. तेल भरपूर पाहिजे, सुका हात सरकत न्हाई, चिमटे काढल्यागत होतं. आधी पोटऱ्या, मांड्या, मग दंड, मग पाठ. कुशी सगळ्यात शेवटी. आणि थंड अंगाला कुणी हात लावायचं न्हाई. घाम आलेला असायचा, अंगाला हौद्यातली माती लागलेली असायची (आमच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल सगळं घालतात, वास अजून नाकात हाय), ती पुसून मग तेल.

पंधरा दिवसांत माझ्या गुदगुल्या गेल्या. पुढं पुढं तर रगडताना झोप लागायची.

तर ताई, त्या पोरीला सांगा जरा जोरात रगड म्हणून. हसू आलं तर दात आवळून धरा, पाच मिनिटांत अंग मरतं.

सरळ_बसा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात 14 वर्षं काम करते. सविस्तर लिहीन, पण आधी एक विचारते. शिलाईकाकू, मापं घेताना तुमच्या गिऱ्हाइकांना गुदगुल्या होतात का? झाल्या तर तुम्ही काय करता?

शिलाईकाकू

उडीदवडा, आजोबांना निरोप देते.

लाल_माती दादा, पोटऱ्यांपासून सुरुवात करायची हे पटलं, मला तिथे काही होत नाही. पण दात आवळून बघितलं की हो. अंग मरत नाही, ताठ होतं.

सरळ_बसा ताई, होतात ना, रोज कुणीतरी असतेच. छातीच्या घेराला नाही होत एवढ्या, पण मुंढ्याला टेप काखेतून फिरवला की बाईचे खांदे कानाला लागतात. आणि खांदे वर असताना घेतलेलं माप खोटं. त्या मापाने शिवलं की ब्लाऊज काखेत काचतो, हात वर गेला की उसवतो, नाव माझं खराब होतं. म्हणून मी टेप आधी हातात घेतच नाही. पहिल्यांदा तळहात पाठीवर सपाट ठेवते आणि बोलत राहते, हॉल कुठला घेतला, जेवणाचं कुणाला दिलंय. थंडीत हात आधी इस्त्री केलेल्या कापडावर ठेवून गरम करून घेते. मग सांगून जाते, "आता मुंढा घेते हं." न सांगता गेलं की उडी ठरलेली. त्यातूनही एखादी फारच उसळणारी निघाली, तर टेपचं टोक तिच्याच हातात देते. म्हणते, तूच काखेखालून काढून दे गं. स्वतः काढलं की गुपचूप उभी राहते.

थांबा. तुम्ही हे का विचारलंत ते मला आत्ता लिहिता लिहिता कळलं.

सरळ_बसा

कळलं ना? आमच्या कॉलेजात हे आम्हाला कुणी इतकं चांगलं शिकवलं नव्हतं.

आता कारणं सांगते. गुदगुल्या दोन जातींच्या. एक हलकी, मुंगी चालल्यासारखी. तिच्याने हसू येत नाही, शिरशिरी येते आणि हात आपोआप झटकायला जातो. दुसरी जड, बरगड्यांत बोटं खुपसल्यावर होते ती, खदखदून हसवणारी. हॉल आणि ॲलिन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्येच यांना वेगवेगळी नावं दिली होती, निस्मेसिस आणि गार्गालेसिस. नावं विसरलात तरी चालेल, फरक विसरू नका. तुमच्या यजमानांच्या बोटांनी होते ती पहिली. त्या मुलीच्या अंगठ्याने झाली ती दुसरी. पहिलीवर लाल_माती यांचा उपाय रामबाण, हात भरून धरला की ती गेलीच. दुसरीवर नुसता जोर वाढवून भागत नाही. टोकाने खुपसलेला जोर तर तिला वाढवतोच.

दात आवळण्याबद्दल मात्र मी भांडणार. काकूंना दुखतंय तिथे क्वाड्रेटस लंबोरम नावाचा स्नायू आहे. खाली कमरेच्या हाडाला, वर शेवटच्या बरगडीला आणि आत मणक्यांना चिकटलेला. श्वास घेताना तो त्या बरगडीला खालून धरून ठेवतो. तुम्ही श्वास कोंडून, दात आवळून पडलात की हा स्नायू आणि आजूबाजूचे सगळे मिळून बांध घालतात. म्हणजे जो सैल करायला पैसे भरलेत तोच तुम्ही आवळून धरताय, आणि बिचारी मुलगी वरून दाबतेय. त्यापेक्षा हसा. हसताना निदान श्वास तरी बाहेर पडतो.

स्वतःच्या हाताने गुदगुल्या का होत नाहीत? आपला हात कुठे, कधी, किती जोरात लागणार याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो, त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा. अंदाजाप्रमाणे स्पर्श आला की त्याची धार कमी होते. लंडनला ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ या संशोधकांनी 1998 मध्ये हे मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं. पुढे त्यांनीच मध्ये यंत्र घातलं. माणूस एका हाताने दांडी हलवायचा आणि यंत्र त्याच्या दुसऱ्या तळहातावर स्पंज फिरवायचं. यंत्राने सेकंदाचा काही अंशच उशीर केला, तरी स्वतःचाच स्पर्श परक्यासारखा गुदगुल्या करायला लागला. तुमचं "आता मुंढा घेते हं" आणि टेपचं टोक हातात देणं, दोन्हींत हेच चाललेलं असतं.

पोट तपासताना पेशंट हसून पोट कडक करत असेल तर डॉक्टर त्याचाच हात पोटावर ठेवायला सांगतात, त्यावर आपला हात ठेवून दाबतात, गुडघे वाकवायला लावतात. तुम्हीही तेच करा. पालथं नको, डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी. उजवा हात स्वतःच्या कुशीवर सपाट ठेवा. तिला म्हणावं, माझ्या हातावर हात ठेव आणि दोन-तीन श्वास काहीच करू नको. मग तुमच्याच हातातून तिने दाबायचं. नंतर तुम्ही हळूच हात काढून घ्यायचा. बोटांच्या टोकाऐवजी तळहाताची टाच किंवा कोपराखालचा सपाट भाग वापरायला सांगा, आणि वेग अगदी कमी. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर अशा संथ, गरम स्पर्शाला सुखद म्हणून प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू केसाळ त्वचेत असतात. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच.

अजून एक. सैल सोडा म्हटल्याने कुणी सैल सोडत नाही. आधी आवळायला लावा. उजवी कंबर बरगडीकडे ओढून घ्या, चार आणे जोर लावून सहा-सात सेकंद, आणि मग श्वास सोडत सोडून द्या. तीन-चार वेळा. आवळलेलं कसं वाटतं ते कळल्याशिवाय सुटलेलं कळत नाही.

दुखतं तिथेच गुदगुल्या जास्त, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. दुखऱ्या जागेवर शरीराने आधीच पहारा बसवलेला असतो. पण पायात मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी वाटायला लागली तर मालिश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर त्याच दिवशी.

आणि पायडलचा पाय उजवाच ना? स्टूल किती उंच आहे?

दुपारचा_चहा

धागा हसत हसत वाचत होते, पण एक वेगळी बाजू सांगते.

माझ्या बाळंतपणात सासरी मालिशवाली बाई लावली होती. बाळाला आणि मला, सव्वा महिना. बाई कामात पक्की, तिळाचं तेल कोमट करून घ्यायची, नंतर शेक. पण पोटाला आणि कुशीला हात लावला की मी हसत सुटायचे. घरात सगळ्यांना वाटायचं काय मजा चाललीय खोलीत. सासूबाई बाहेरून म्हणायच्या, हस गं बाई, अंगाला लागतं. आणि मला रडायला येत होतं. मजा अजिबात येत नव्हती, सुटून पळावंसं वाटत होतं, आणि तोंड मात्र हसत होतं. हसणाऱ्या माणसाने "नको" म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही.

नवव्या दिवशी बाईंना सरळ सांगितलं, पोटाला हात नको, पाठ आणि पाय करा. त्या म्हणाल्या, "मग आधी बोलायचं नाही का, मला काय माहीत?" इतकं सोपं होतं ते. राहिलेले दिवस पायांना तेल लावताना मी चक्क घोरायचे.

शिलाईकाकू

दुपारचा_चहा, तुमचं वाचून मशीन बंद करून बसले. आमचा एक मामा होता, माणूस प्रेमळ, पण सुट्टीत गेलो की दोन्ही हात एका हातात धरून श्वास कोंडेपर्यंत गुदगुल्या करायचा. मी हसायचे म्हणून तो थांबायचा नाही. चाळीस वर्षं झाली. माझी कुशी तेव्हापासून अशी आहे का हो, सरळ_बसा ताई?

स्टूल प्लास्टिकचं आहे, नेहमीचं. बसले की गुडघे कमरेच्या वर येतात. पाय उजवाच.

सरळ_बसा

काकू, तसा थेट संबंध मी लावणार नाही. असे मामा घरोघरी होते आणि सगळ्यांच्या कुशी आखडलेल्या नाहीत. पण हात धरून ठेवलेले असले आणि थांबवणं आपल्या हातात नसलं, तर स्पर्श वेगळाच लागतो, हे खरं. डार्विनने 1872 मध्येच लिहून ठेवलंय की परक्या माणसाने गुदगुल्या केल्या तर लहान मूल हसायच्या ऐवजी भीतीने किंचाळेल. म्हणून त्या मुलीशी आधी ठरवा, तुम्ही "थांब" म्हटलं की ती थांबणार. एकदा उगाचच म्हणून बघा, खरंच थांबते का ते.

स्टूल वर करा. गुडघे कमरेच्या किंचित खाली यायला हवेत. अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायला जा, पाणी प्यायलं नाही तरी चालेल.

ऐकून_लिहितो

मी दृष्टिहीन आहे. फोन वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो, तेव्हा अक्षरं चुकली तर सांभाळून घ्या. मुंबईत 19 वर्षं मालिश करतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्यात माझी भर एवढीच की हात उचलू नये. शिकाऊ माणूस एका जागेवरून हात उचलतो, तेल घेतो, दुसरीकडे टेकवतो. गुदगुल्या होणाऱ्या माणसाला प्रत्येक टेकवणं नवीन असतं, तो प्रत्येक वेळी दचकतो. माझा एक हात कायम अंगावर असतो, तेल दुसऱ्याने घेतो. पाठीच्या मधोमध सुरू करून न उचलता कुशीकडे जातो आणि काठावरून परत येतो. तीन-चार फेऱ्या नुसत्या काठापर्यंत. थांब म्हटलं तरी हात काढत नाही, फक्त दाब काढतो. काढला तर परत टेकवावा लागणार.

दुसरं, मला चेहरा दिसत नाही, पण हसू यायच्या आधी श्वास अडतो ते हाताखाली कळतं. तिथेच थांबायचं. श्वास सुटला की पुढे. हसू फुटल्यावर थांबणं म्हणजे गाडी गेल्यावर सिग्नल लाल होण्यासारखं.

आणि गिऱ्हाईक हसलं तर आपण हसायचं नाही. हे फार अवघड आहे.

लाल_माती

दात आवळायचं मागं घेतो. वस्तादांनी ते सांगितलं न्हवतंच, माझ्याच पदरचं होतं.

शिलाईकाकू

तीन आठवड्यांनी लिहितेय, लग्नाच्या ऑर्डरी होत्या.

गेले परत. त्या पोरीला आधीच सगळं सांगितलं, चष्म्याची माफीही मागितली. म्हटलं, बाई, मी मुंढा घेते तशी तू माझी कुशी घे. तिला मुंढा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, टेप नेलाच होता, तिथल्या तिथे दाखवलं. मग डाव्या कुशीवर झोपले, माझा हात खाली, तिचा वर. पहिल्यांदा "थांब" म्हटलं ते नुसतं बघायला. थांबली. दुसऱ्यांदा पण उगाचच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी हसले दोनदा, पण उसळले नाही. पुढच्या वेळी माझा हात काढून घेतल्यावरही ती पाच-सात मिनिटं दाबू शकली, आणि तेव्हा पहिल्यांदा ती आतली दुखरी तार सापडली. काय कळ आली! हसू कुठल्या कुठे गेलं. पण नंतर उठले तेव्हा उजवा खांदा डाव्याच्या पातळीला आल्यासारखा वाटला. कटिंगला वाकल्यावर अजून दुखतं, टेबल धरावं मात्र लागत नाही. स्टुलाखाली दोन जुने पाट घातलेत, सून म्हणते सिंहासन झालंय. तळव्यांना कुणालाही हात लावू देत नाहीये, तिथे तुमचं विज्ञान चालत नाही.

भरलेल्या पैशांत या दोन मोडून माझी न गेलेली चौथी वेळ धरायची की नाही, यावर काउंटरवर थोडं बोलणं झालं. शेवटी एक वेळ अजून देतो म्हणाले. तिला ह्यांना घेऊन जाणार आहे, त्या पोरीने शिकवावं म्हणून. घरी मी सांगून पाहिलं, हात भरून धरा, कणीक मळता तसं. तर म्हणाले, कणीक मी कधी मळलीय?